लिओ सरांची ड्युटी

नागपूरहून सकाळची गाडी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत दोन कागद होते आणि ते दोन्ही एकमेकांना खोटं पाडत होते.

पुण्यात आमचं चार माणसांचं छोटं काम आहे. जुन्या तबकड्यांचा आवाज साफ करून त्या नव्याने काढायच्या आणि सोबत एक पुस्तिका द्यायची. पुस्तिकेत कोणतं वाद्य कोणी वाजवलं हे लिहायचंच, हा माझा हट्ट. बाकीच्या तिघांच्या मते ते माझं खूळ आहे, कारण एकेका नावासाठी मी सगळ्यांचं काम अडवून धरते. यंदा हाती आली होती मुंबईच्या वादकांनी काही दशकांपूर्वी केलेली जाझची एक तबकडी. पियानोवाल्याचं नाव सापडलं, ड्रमवाल्याचं सापडलं, ट्रम्पेटवाल्याचा तर नातूसुद्धा सापडला. अडलं ते ट्रॉम्बोनपाशी. ट्रॉम्बोन म्हणजे ती लांब पितळी नळी, जी पुढेमागे सरकवत वाजवतात. तबकडीच्या दुसऱ्या बाजूला पाव मिनिटभर तो एकटा वाजतो, आणि तेवढ्या पाव मिनिटासाठी लोक ही तबकडी जपून ठेवतात. मी तो तुकडा इंटरनेटवर टाकला आणि विचारलं, हे कोण आहे?

पहिलं उत्तर वसईहून आलं, टपालाने. लिओ नावाच्या गोव्याच्या वादकाची मुलगी ग्लोरिया हिने लिहिलं होतं की हे माझे पप्पा. सोबत रेकॉर्डिंगच्या दिवशीच्या हजेरीच्या कागदाची नक्कल होती. त्यावर ट्रॉम्बोनपुढे लिओ यांची सही होती, वळणदार आणि ठसठशीत. पत्राच्या शेवटी तिने लिहिलं होतं, ‘पप्पांना कबरस्तानात नेलं तेव्हा आम्ही वाटभर हाच तुकडा पुन्हापुन्हा लावला होता.’ दुसरं उत्तर भिलाईहून, रेखा बोरकुटे नावाच्या शिक्षिकेचं. त्यात तीनच वाक्यं होती. ‘हे माझे बाबा आहेत. ते कबूल करणार नाहीत. तुम्ही या.’

सही एकीकडे होती आणि तीन वाक्यं दुसरीकडे. पुस्तिका पुढच्या आठवड्यात छापायला जायची होती आणि तिच्यात ट्रॉम्बोनपुढची जागा कोरी होती. मी तिकीट काढलं.

गोंदियानंतर जमीन बदलते. भाताची कापून ठेवलेली शेतं मागे पडतात, सालेकसा-दरेकसाचं जंगल गाडीच्या अगदी जवळ येतं, मग एक बोगदा, आणि डोंगरगडला डोंगरावरचं देऊळ दिसलं की डब्यातली अर्धी माणसं बसल्या जागी हात जोडतात. माझ्या समोर एक वयस्कर बाई होत्या, दुर्गच्या. त्यांनी मला फरा (तांदळाच्या पिठाचे वाफवलेले लांबट मुटके) खायला दिला आणि मी कुठे उतरणार ते विचारलं. भिलाई, मी म्हटलं. त्यांनी परत विचारलं, कोणती भिलाई? मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नसावं. म्हणून मी जरा मोठ्याने ‘भिलाई’ म्हटलं आणि खिडकीबाहेर बघू लागले.

माझा हा शहाणपणा तासाभरातच अंगाशी आला. भिलाई नावाची तीन स्टेशनं आहेत. मला उतरायचं होतं पावर हाउसला. पहिली ‘भिलाई’ अशी पाटी दिसताच मी सामान घेऊन उतरले, गाडी गेली आणि मग पाटीवरचा ‘नगर’ हा शब्द मी वाचला. तिथून ऑटो केली. ऑटोवाल्याला कोहक्याचा पत्ता दाखवला, तर तो म्हणाला, “बोरकुटे? भोंगावाले कका के घर?” तिकडे कका म्हणजे काका. मी म्हटलं, भोंगा नाही, ट्रॉम्बोन. तो म्हणाला, “हाँ दीदी, वही भोंगा.”

कोहक्यातलं घर बैठं, पुढे लोखंडी फाटक आणि एक शेवग्याचं झाड. रेखाताईंनी दार उघडलं. पन्नाशीच्या, शाळेतून नुकत्याच आलेल्या, हातात अजून तपासायच्या वह्या. शाळेत दिवसभर हिंदी बोलून घरात आल्या की मराठी बोलायची, असं त्यांनीच सांगितलं. आत सिंधूकाकू सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. खिडकीपाशी खुर्चीत दौलतकाका. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा उंच माणूस. हात इतके लांब की ट्रॉम्बोनची नळी त्या हातांसाठीच केली असावी असं वाटावं. मी नमस्कार केला.

“बसा बाई,” ते म्हणाले. “रेखानं तुमाले उगाच तरास देला.”

आधी जेवण. गोळाभात (डाळीच्या पिठाचे मसालेदार गोळे घालून शिजवलेला भात), वरून कडकडीत तेलाची फोडणी, शेवग्याच्या शेंगांची भाजी. काकूंनी मला तिसऱ्यांदा वाढलं आणि मी नाही म्हटलं नाही. जेवताना काकांनी आपली हकीकत सांगितली, म्हणजे मी विचारलं तेवढीच सांगितली. वडील गोंदियाकडचे, रेल्वेत गँगमन, दुर्ग लायनीवर. हे भिलाईच्या पोलाद कारखान्यात, म्हणजे प्लांटला लागले, रूळ तयार होतात त्या विभागात. कामगारांचा बँड होता, बँडमास्तरांनी यांचे हात बघून ट्रॉम्बोन हातात दिला. सहा वर्षं नोकरी केली. मग राजीनामा देऊन मुंबई गाठली. दिवसा स्टुडिओत गाण्यांमागे वाजवायचं, संध्याकाळी हॉटेलात जाझ. वीसेक वर्षांनी स्टुडिओत यंत्रावरच सगळी वाद्यं वाजू लागली तेव्हा गाशा गुंडाळला, परत आले आणि हथखोजला एका वर्कशॉपात लेथ चालवू लागले.

“किती गाण्यांत वाजवलं असेल?” मी विचारलं.

“कोन मोजते? गानं कोनतं आहे हे बी कधी कधी मालूम नसे. आमाले आमच्या चार ओळी मालूम.”

हे ते कुरकुरत म्हणाले नाहीत. मला मात्र वाईट वाटलं आणि मी ते बोलूनही दाखवलं. ते नुसते हसले.

हात धुतल्यावर मी तुकडा लावला. पाव मिनिट. काकूंनी सूप खाली ठेवलं. रेखाताई वडिलांच्या तोंडाकडे बघत होत्या. तुकडा संपला तसा काकांनी घसा खाकरला.

“लिओ सर,” ते म्हणाले. “मस्त वाजवलं सरांनी.”

“बाबा,” रेखाताई म्हणाल्या, “तुमी कावून खोटं बोलून राहिले? लहानपनी मी ज्या आवाजानं उठत होती, तो आवाज मले समजत नाही का?”

“सही कोनाची आहे त्या कागदावर?”

“सही लिओ अंकलची आहे. आवाज तुमचा आहे.”

“मंग सही पहाय.”

रेखाताई वह्या उचलून आत गेल्या. काकांनी माझ्याकडून ग्लोरियाचं पत्र मागून घेतलं, डोळ्यांजवळ धरून वाचलं. शेवटच्या ओळीवर ते बराच वेळ थांबले. मग घडी जशी होती तशी घालून परत दिलं. “पोरीनं बापाले पोचवताना हे लावलं. आता अजून काय पायजे?” आणि ते उठून अंगणात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका म्हणाले, चला, तुमाले हथखोज दाखवतो. वाटेत पावर हाउसच्या बाजारात उतरून त्यांनी दोन पितळी स्क्रू घेतले, तीन दुकानं पालथी घालून. दुकानदार प्रत्येक वेळी नवा डबा उघडायचा आणि काका प्रत्येक वेळी नाही म्हणायचे. चौथ्या दुकानात मिळाले. मी तोवर रस्त्याच्या कडेला चीला (तांदळाच्या पिठाचं धिरडं) खात उभी होते. चटणीने डोळ्यांत पाणी आलं आणि चीला देणाऱ्या बाईने न मागता गूळ दिला.

हथखोजला दोन्ही बाजूंना शेड, पत्रे, लोखंडाचे चुरे, वेल्डिंगचा वास. काका जिथे लेथ चालवायचे त्या वर्कशॉपच्या मालकाने खुर्च्या मांडल्या. फळीवर ट्रॉम्बोनची पेटी होती. सरकत्या नळीला पोचा आला होता म्हणून तो काढायला त्यांनी इथे ठेवला होता. कामाच्या पोरांवर ते सोडेनात, स्वतःच नळीतून गज घालून, बोटांनी चाचपत, इवल्याशा हातोडीने ठोकत बसले. अर्ध्या तासाने नळी सरळ झाली. नवे स्क्रू बसवले. मग दाताची कवळी जिभेने नीट दाबून ते उभे राहिले आणि एकच सूर काढला.

सूर थेट लागला नाही. तो जरा खालून निघाला, चढत वर आला आणि मग ठरला.  तबकडीवरचा प्रत्येक सूर असाच येतो. पुण्यात आम्ही चौघांनी त्यावर तासभर वाद घातला होता. मी तर पुस्तिकेत त्यासाठी एक परिच्छेदही लिहून ठेवला होता, जाझमधली खास परदेशी नजाकत वगैरे.

“हे असं खालून वर घेणं कुणाकडे शिकलात?” मी विचारलं.

“प्लांटच्या भोंग्याजवळ,” ते म्हणाले.

मला वाटलं, थट्टा करताहेत. करत नव्हते. बँडमास्तरांनी सांगितलं होतं, घरी रोज हार्मोनियमच्या सुरावर सराव कर. घरात हार्मोनियम नव्हती. पण पाळी बदलली की भोंगा व्हायचा, ठरल्या वेळी, ठरल्या सुरात. हे बाजा घेऊन अंगणात उभे राहायचे आणि भोंग्याबरोबर सूर धरायचे. भोंगा सुरू होताना खालून चढत येतो. यांना वाटलं, सूर असाच लावायचा असतो.

“मुंबईले पहिल्या रेकॉर्डिंगले मले बाहेर काढलं. म्हने, तू सूर लावतेस का विहिरीतून पानी काढतेस. मी कोपऱ्यात बसलो होतो. लिओ सर आले. म्हने, वाजवून दाखव. मी वाजवलं. त्यायनं दोनदा ऐकलं. म्हने, ही चूक कोनाले दुरुस्त करू देऊ नको.”

हे सांगताना त्यांनी बाजा पोटाशी धरला होता. मी आता गप्प बसायला हवं होतं. पण मला उत्तर हवं होतं, आणि उत्तर समोर दिसत असताना मला धीर धरवत नाही. “काका,” मी म्हटलं, “मग तबकडीवर तुम्हीच आहात. हा भोंगा लिओ सरांच्या अंगणात नव्हता.”

त्यांनी बाजा पेटीत ठेवून झाकण लावलं. मालक उठून लेथकडे गेला. मग काकांनी सांगितलं.

रेकॉर्डिंगच्या चार दिवस आधी लिओ सरांचा ओठ सुजला. दाढेचं दुखणं वर चढलं होतं. वाजवणाऱ्यांत ‘ओठ गेला’ अशी कुजबूज एकदा सुरू झाली की पुढचं बोलावणं दुसऱ्याला जातं आणि परत येत नाही, म्हणून त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. त्या दिवशी तोंडावर रुमाल धरून ते स्टुडिओत आले, स्वतः सही केली आणि जिन्यात जाऊन बसले. आत दौलतकाका वाजवायला उभे राहिले. आतल्या वादकांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

“पुढल्याच वर्षी माझे बाबूजी गेले,” काका म्हणाले. “मी इकडे पंधरा दिवस होतो. हॉटेलमंदी माझ्या जागी सर उभे राहिले, रोज. एवढा मोठा मानूस, माझ्या नावानं. त्यायनं माझी ड्युटी केली, मी त्यायची केली. प्लांटमंदी याले म्युच्युअल म्हनतेत. आपल्या गड्याची पाळी आपन करावी, आपली त्यानं करावी. मंग त्याच्या पाळीत निघालेला रूळ मी माझा कसा म्हनू, बाई? पाळी त्याची, त रूळ बी त्याचा.”

हे छापणार नाही असा शब्द त्यांनी मागितला आणि मी तो दिला. खरं सांगायचं तर मला रागही आला. इतक्या लांब येऊन खरं काय ते कळलं, आणि ते छापायची परवानगी नाही. मी दिलेला शब्द मोडणारी नाही, पण पुस्तिकेत खोटं नाव घालणारीही नाही. परतताना ऑटोत आम्ही दोघंही आपापल्या बाजूच्या रस्त्याकडे बघत होतो.

संध्याकाळी माझी गाडी होती. दुपारचा चहा पिताना मी रेखाताईंना सांगितलं की ती जागा मी कोरीच ठेवणार आहे. त्यांनी कारण विचारलं. मी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, सांगा, आता घरच्यापासून काय लपवायचं. तेव्हा मी म्युच्युअलची सगळी गोष्ट सांगितली.  रेखाताई म्हणाल्या, “बाबा, मी इतकी वर्षं समजत होती का तुमाले आपल्या कामाची लाज वाटते.”

“लाज कायची?” काका म्हणाले. 

 सिंधूकाकूंनी कप खाली ठेवला.

“म्युच्युअलचा कागद भरत होते ना तुमी प्लांटमंदी?”

“हो.”

“त्याच्यावर किती नावं राहत?”

 “दोन.”

“दोन कावून?”

“नियम होता.”

“नियम कावून होता? लगीन झालं तवा तुमीच मले सांगतलं होतं.” काकू आता माझ्याकडे वळल्या. “आमी भेत होतो बाई, प्लांटमंदी काई झालं त कसं समजल. हे बोलले, भेऊ नको. ज्याची पाळी त्याचं नाव वर, जो खरा उभा आहे त्याचं नाव खाली. काई झालं त खबर बरोबर घरी गेली पायजे.” मग परत नवऱ्याला म्हणाल्या, “मुंबईच्या कागदावर एकच नाव लिवलं. मंग तुमचं म्युच्युअल अर्धंच झालं. वाईट खबरीसाठी एवढे नियम. आता इतक्या वर्षांनी चांगली खबर आली, त ते एकाच घरी जाऊन राहिली.”

  काकांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी वही आणि पेन दिलं. लेथवर काम केलेल्या हाताने, एकेक अक्षर दाबून, त्यांनी लिहिलं: ‘ट्रॉम्बोन: लिओ. त्यांच्या बदली दौलत बोरकुटे.’ वाचून बघितलं. स्वतःच्या नावाखाली सही केली.

“पन त्या पोरीले आधी विचारा,” ते म्हणाले. “तिनं बापाले हे लावून पोचवलं. तिचं मन मोडलं त माझं नाव काढून टाका. मंग रेखाचं बी ऐकू नका.”

रेखाताई मला पावर हाउस स्टेशनवर सोडायला आल्या. या वेळी पाटी मी दोनदा वाचली. गाडी सुटेपर्यंत त्या खिडकीचा गज धरून उभ्या होत्या. काय होते ते मला लगेच कळवा, एवढंच म्हणाल्या.

ग्लोरियाला फोन करायला माझं मन धजत नव्हतं. दुर्ग गेलं, राजनांदगाव गेलं. मी नावं शोधत फिरते, पण एका घरात नाव पोचवताना दुसऱ्या घरातून ते काढून न्यावं लागेल असं आजवर कधी झालं नव्हतं. हजेरीचा तो कागद तिने किती जपून ठेवला असेल. मुंबईच्या त्या सगळ्या स्टुडिओत किती जणांनी एकमेकांच्या पाळ्या केल्या असतील आणि माझ्या आधीच्या पुस्तिकांमधली किती नावं अर्धीच असतील, असंही मनात आलं, आणि आपल्या हट्टाचा मला पहिल्यांदाच थोडा संकोच वाटला. शेवटी डोंगरगडच्या अलीकडे फोन लावला.

मी काही गाळलं नाही. ओठ, रुमाल, जिना, हॉटेलातले पंधरा दिवस. मग वहीतली ओळ वाचून दाखवली. 

ग्लोरिया म्हणाली, “पप्पांनी घरी कधीच सांगितलं नाही.” मग तिने विचारलं, “ते भिलाईचे अंकल, त्यांना कळलं होतं का पप्पा गेल्याचं?”

“नाही. त्यांना फार उशिरा कळलं. यायला मिळालं नाही याचं त्यांना अजून वाईट वाटतं, असं रेखाताई म्हणत होत्या.”

“मग त्यांना सांगा,” ती म्हणाली, “ते आले होते म्हणून. कबरीपर्यंत सगळा वेळ तेच वाजवत होते.”

मी तिथूनच कोहक्याला फोन लावला. दौलतकाकांनीच उचलला.